रस्ता कोणाच्या घाईसाठीं?

पुणेकराला त्याच्या पाण्याविषयीं, पावसाविषयीं, फार काय, त्याच्या बोलण्याविषयींहि वाटेल तें म्हणावें. तो ऐकून घेईल. परंतु ‘तुमच्या रस्त्याचा मधला भाग जरा अरुंद करावयाचा आहे’ असें म्हटलें कीं त्याचा संयम सुटतो. सन 2016 नंतर जंगली महाराज रस्त्याची फेरमांडणी झाली. पदपथ ऐसपैस केले, बसावयास बांकें ठेवलीं, मुलांसाठीं खेळणीं मांडलीं, सायकलींना निराळा पट्टा आंखून दिला. ‘आधींच गर्दी, त्यांत ही चैन कशाला?’ असें आमच्या स्नेहमंडळींतले पुष्कळजण म्हणाले.

प्रश्न गैर नाहीं. पण रुंद, सरळ रस्ता गाडी हांकणाराच्या कानांत ‘आणखी जोरानें चल’ असें सारखें सांगत असतो. कडेची पाटी बिचारी ‘सावकाश’ म्हणत उभी असते. या वादांत पाटीच हरते. म्हणून वेग आवरावयाचा तर रस्त्याचा आकारच पालटला पाहिजे: गाड्यांची वाट आटोपशीर करावी, चौकांतील वळणें तंग ठेवावीं, पायीं ओलांडण्याची जागा पदपथाइतकी उंच करावी. हिशेबहि सोपा आहे. ताशीं 30 किलोमीटरचा वेग 60 झाला कीं त्याच गाडीच्या आघातांतली शक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते. सृष्टीचे नियम कोणाच्या घाईची भीड धरीत नाहींत.

‘हें युरोपांत शोभतें’ असें म्हणणारांनीं नेदर्लंड्सकडे पाहावें. सायकलींचा म्हणून आज नांवाजलेल्या त्या देशांत 1971 सालीं रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेथेंहि मोटारींनीं सायकलींना मागें रेटलें होतें. आईबापांनीं निदर्शनें केलीं, चळवळ वाढली, आणि मग रस्ते पालटूं लागले.

पुण्याला तर हें मुळींच परकें नाहीं. कारकून, प्राध्यापक, कॉलेजांतल्या मुली, दूधवाले, सगळेच एके काळीं येथें सायकलीवर दिसत. महानगरपालिकेनें 2017 सालीं सायकल-आराखडा मंजूरहि केला. पण पूर्वींच्या सायकल-मार्गांची कथा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: कोठें त्यांवर स्कूटरी उभ्या, कोठें मध्येंच विजेचा खांब, आणि चौक आला कीं मार्ग गुप्त, म्हणजे जेथें सोबत हवी नेमकी तेथेंच ती सुटते. असा तुटक मार्ग कोणी वापरला नाहीं, तर ‘लोकांना सायकल नकोच’ असा निष्कर्ष काढणें न्यायाचें नव्हे.

आमच्या घरीं बारा वर्षांची नात आहे. शाळा दीड किलोमीटर अंतरावर, सायकल दाराशीं. तरीहि ती सायकल आवाराबाहेर जात नाहीं, कारण तिची आई जाऊं देत नाहीं, आणि आईचें चुकतें असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. तिची आजी पलीकडच्या देवळांत जावयाची. आतां रस्ता ओलांडावयाचा म्हणून खिडकींतूनच हात जोडते. गाड्यांना चार मिनिटें अधिक लागतील, ही तक्रार आम्ही समजूं शकतों. पण या दोघींचें अडलेलें जाणें कोणीच मिनिटांत मोजीत नाहीं. नातीला ती दीड किलोमीटरची वाट एकटीनें जातां येईल, त्या दिवशीं आमचा रस्ता रुंद झाला असें आम्ही समजूं.