बोली किती लावायची?

आपल्याकडे घर घ्यायचं म्हणजे निदान घरमालक तरी दिसतो. चहा होतो, "मूळ गाव कुठलं तुमचं?" होतं, मग घासाघीस, आणि शेवटी दबक्या आवाजात "चेक किती, कॅश किती". इकडे मालकाचं तोंडही दिसत नाही. एजंटमार्फत एक कागद जातो, त्यावर आपला आकडा लिहायचा आणि फोनकडे बघत बसायचं. तो आकडा आणायचा कुठून, असं पुण्याच्या दोघा-तिघा मित्रांनी विचारलं. म्हणून हे जरा सविस्तर.

आमचं गाव मॉरिसव्हिल. नॉर्थ कॅरोलिनात, रॉली, केरी आणि डरहॅम यांच्या मधोमध. १९५९ साली सुरू झालेलं रिसर्च ट्रँगल पार्क आणि विमानतळ, दोन्ही शेजारी. २०२० च्या जनगणनेत वस्ती तीस हजारांच्या आत, पण त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त आशियाई, आणि त्यात आपली मंडळी भरपूर. गावच्या क्रिकेट मैदानावर २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, यावरून काय ते समजा! त्यामुळे पूर्वेला दार असलेलं घर विकायला निघालं की उड्या पडतात. इथल्या गोऱ्या एजंटांनाही 'ईस्ट फेसिंग' म्हणजे काय ते पाठ झालंय.

आम्ही घर शोधत होतो २०२२ च्या वसंतात. वर्षभरापूर्वी तीन टक्क्यांच्या खाली असलेला कर्जाचा दर पाचाकडे निघाला होता, आणि तो आणखी चढायच्या आत घर पदरात पाडून घ्यायची सगळ्यांची घाई चालली होती. शुक्रवारी घर बाजारात, रविवारी रात्री बोल्या बंद.

आता आकडा. त्याचा पहिला भाग सोपा आहे, कारण इथे कुठलं घर कितीला गेलं हे लपत नाही. घर विकलं की विकणाऱ्याला ५०० डॉलरमागे १ डॉलर असा राज्याचा कर भरावा लागतो, आणि तो खरेदीखतावर लिहिलेला असतो. खरेदीखत वेक काउंटीच्या दप्तरात कोणालाही बघता येतं. कर १,००० डॉलर दिसला की समजायचं, घर ५ लाखांना गेलं. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या खरेदीखतातला आकडा बघून कोणी किंमत ठरवत नाही. इथे खुशाल ठरवावी. काउंटीने करासाठी लावलेली किंमत मात्र आपल्या रेडी रेकनरसारखीच. तेव्हाची २०२० ची होती, पुढची थेट २०२४ ला आली. ती धरून बोली लावली असती तर लोक हसले असते.

एकाच बिल्डरने एकाच नकाशाची चाळीस टाउनहाऊस बांधलेली असतात. त्यामुळे शेजारचं कितीला गेलं ते बघायचं आणि बेरीज-वजाबाकी करायची. मागे झाडी असेल तर थोडे वाढवा. हायवे ५४ च्या कडेने जाणारी रेल्वे ऐकू येत असेल तर कापा. मी यासाठी एक्सेल शीट केलं होतं, हे सांगायला नकोच.

दुसरा भाग बँकेचा. समजा तुम्ही ५,२५,००० म्हणालात आणि बँकेने पाठवलेला माणूस म्हणाला ५,०५,०००. बँक कमी आकडा धरते. ऐंशी टक्के कर्ज म्हणजे ४,२०,००० च्या ऐवजी ४,०४,००० मिळणार. वरचे १६,००० तुमच्या खिशातून, तेही रोख. म्हणजे बोली वाढवताना महिन्याचा हप्ता किती वाढेल हा हिशोब पुरत नाही.

आणि तिसरा भाग, ज्याची आपल्याकडे कोणाला कल्पना नसते. नॉर्थ कॅरोलिनात २०११ पासून प्रमाणित करारात 'ड्यू डिलिजन्स फी' नावाचा प्रकार आहे. इसार वेगळा. तो तिसऱ्याकडे ठेव म्हणून राहतो, आणि ठरलेल्या तारखेच्या आत माघार घेतली तर परत मिळतो. ही फी मात्र थेट मालकाच्या हातात जाते. व्यवहार पुरा झाला तर किमतीतून वळती होते. तुम्ही माघार घेतलीत तर गेली, मग कारण काहीही असो. घर तपासल्यावर पायाला तडा निघाला तरी गेली! मालकाने भरायच्या फॉर्मवर 'हो', 'नाही' याबरोबर 'काही सांगत नाही' असाही पर्याय असतो, आणि तो निवडायला त्याला पूर्ण मुभा आहे.

घाईच्या दिवसांत लोक या फीचे दहा-दहा, वीस-वीस हजार डॉलर लावत होते. मालकही किंमत बघायच्या आधी ही फी बघायचे. बरोबरच आहे. किंमत हे वचन, फी म्हणजे रोकडा.

मग आम्ही फी किती लावायची? इथे एक्सेल संपलं. आम्ही दोघं एच-वन बी व्हिसावर. नोकरी गेली तर २०१७ च्या नियमाप्रमाणे दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बोली मान्य झाल्यापासून चावी हातात येईपर्यंत महिना-दीड महिना जातो. त्या दीड महिन्यात नोकरी गेली तर कर्ज नाही, घर नाही, आणि फी मालकाच्या खात्यात. शेजारचा अमेरिकन तीच फी भरतो, पण त्याला देश सोडावा लागत नाही.

बायकोने वही काढली. चौघांची परतीची तिकिटं, चार महिन्यांचा घरखर्च, गाडी आणि सामान पडत्या भावात विकावं लागेल ते नुकसान. म्हणाली, "हे पैसे नाहीतच असं समज. उरतील त्यातून सांग, किती बुडाले तर आपण रात्री झोपू शकू?" उत्तर आलं आठ हजार. त्यावर एक डॉलरही नाही, हे घर बघायला जायच्या आधीच ठरवलं. स्वयंपाकघर एकदा आवडलं की आकडे आपोआप वाढतात.

पहिलं घर पूर्वाभिमुख. आम्ही ५,१२,००० आणि फी ८,०००. एजंट म्हणाली, आणखी सात बोल्या आहेत, जरा वाढवा. दुसऱ्याची बोली त्याच्या परवानगीशिवाय सांगायची नाही असा राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनचा नियम आहे, तेव्हा किती वाढवायचं ते तिलाही माहीत नव्हतं. नाही वाढवलं. घर गेलं. पुढे खरेदीखत बघितलं, कर १,०७० डॉलर. म्हणजे ५,३५,०००. मी हळहळत होतो. ती म्हणाली, "अरे, वरचे तेवीस हजार आपल्याकडे होतेच कुठे?"

१९७१ साली तेल कंपनीतल्या तिघा इंजिनिअरांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांवर एक लेख लिहिला होता. मुद्दा असा, की पट्ट्यात तेल किती याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा, आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकीचा वर गेलेला असतो तो. घराचं अगदी तसंच नाही, कारण घर आवडूनही लोक जास्त देतात. पण आठ जणांत पहिलं येणं ही दर वेळी आनंदाची बातमी नसते, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

तिसऱ्या बोलीला घर मिळालं. ५,०५,०००, फी साडेसहा हजार. दार पश्चिमेला, आणि रेल्वे ऐकू येते. आईला फोनवर दिशा सांगितली, ती क्षणभर गप्प, मग म्हणाली, "देव्हारा पूर्वेला तोंड करून ठेवा म्हणजे झालं."

पुढे दर वाढतच गेले, २०२३ च्या ऑक्टोबरात आठ टक्क्यांच्या जवळ पोचले, आणि तशी झुंबड राहिली नाही. २०२४ च्या ऑगस्टपासून घेणाऱ्याने आपल्या एजंटशी मोबदल्याचा लेखी करार आधीच करायचा असतो, म्हणजे बोली लावताना तो कोण देणार हाही एक आकडा आला. नियम बदलत राहतील. विचारणाऱ्या मित्रांना मी एवढंच सांगतो, की घराची किंमत काउंटीच्या दप्तरातून काढा, पण आपल्या बोलीची मर्यादा बायकोच्या वहीतून काढा. आणि दोन्ही, घर बघायला जायच्या आधी.