तड्याचं टोक

भिलाईतल्या एका निवृत्त वेल्डरचं माझ्यावर ऋण आहे. ते पैशात कधी ठरलंच नाही, त्यामुळे फेडण्याचा प्रश्नही तसाच राहिला. आम्ही सगळे त्यांना कका म्हणतो. छत्तीसगढीत काकांना कका म्हणतात, आणि खुर्सीपार वस्तीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये येणारा प्रत्येक ड्रायव्हर, मग तो पंजाबी असो, आंध्रातला असो की माझ्यासारखा मराठी, त्यांना याच नावाने हाक मारतो.

आमचं घर भिलाईचं झालं ते पोलाद कारखान्यामुळे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला गेली. पण रूळ जागचा हलला नाही. नागपूर, भंडारा, गोंदियाची तरुण मुलं त्याच रुळावरून येऊन दुर्गला उतरत राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. माझे वडील त्यानंतरच्या भरतीतले. घरात वऱ्हाडी, दारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी अशा तीन भाषांत मी वाढलो. कारखान्यात मात्र मी गेलो नाही. भूजल सर्वेक्षणाच्या कामात पडलो. विहीर कुठे खणावी, बोअर कुठे घ्यावी, हे गावोगाव जाऊन पाहायचं.

या कामाला जीप लागते. दुर्गजवळचा चुनखडक मागे पडला आणि तुम्ही दल्ली-राजहराकडे, डौंडीच्या जंगलाकडे वळलात, की खाली कठीण खडक आणि वर मुरमाचे रस्ते. पावसाळ्यात नाल्यातूनच वाट असते. मी जुनी महिंद्रा ५४० घेतली होती, डिझेलची, चारही चाकांना जोर देणारी. आधीच्या मालकाने ती उंच करून घेतलेली होती. पाटे चासीला जोडणारे लांब शॅकल, जास्त कमानीचे पाटे, मोठे टायर. दिसायला रुबाबदार आणि नाल्यात खरोखर उपयोगाची. पण चाळीसच्या पुढे वेग गेला की पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायची, आणि गिअर बदलताना खालून ठणका यायचा.

एकदा सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली तेव्हा कारण दिसलं. गिअरबॉक्स ज्याच्यावर टेकलेला असतो तो आडवा क्रॉस मेंबर डाव्या बाजूला, बोल्टांच्या भोकांजवळ चिरला होता. त्या चिरेवर कुणीतरी आधी वेल्डिंग मारलेलं होतं, आणि नवा तडा बरोबर त्या वेल्डिंगच्या कडेने पुढे सरकला होता. दोन मिस्त्रींनी एकच उपाय सांगितला: वरून जाड पट्टी ठोका. भिलाईत हा सल्ला स्वाभाविक आहे. इथे जाड प्लेट लाटली जाते, विक्रांत युद्धनौकेच्या पोलादात भिलाईचाही वाटा आहे. जाडीवर विश्वास ठेवायला हे शहरच शिकवतं. तिसऱ्या माणसाने मला ककांकडे पाठवलं.

कका गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. त्यांनी तड्याला हातही लावला नव्हता. ते प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहत होते, त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, हलवून पाहत होते, गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचं रबर नखाने टोकरत होते. बाहेर येऊन म्हणाले, ‘‘येला मैं आज जोड़ देहूं, बाबू। फेर काबर फाटिस, तेला पहिली बता।’’ आज जोडून देतो, पण फाटलं का ते आधी सांग.

मी पाणी शोधणारा माणूस. खडकातली भेग कुठून कुठे जाते हेच माझं रोजचं काम. तरी लोखंडातल्या भेगेला हा प्रश्न विचारायचा असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

कारण त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. गाडी उंच केली की मागचा अॅक्सल तुलनेने खाली जातो आणि शाफ्ट तिरपा होतो. शाफ्टच्या दोन टोकांचे कोन सारखे असतील तर एका क्रॉसने केलेली वेगाची चढउतार दुसरा क्रॉस मिटवून टाकतो. कोन वेगळे झाले की ती मिटत नाही, शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका बसतो. माझ्या जीपमध्ये लांब शॅकलमुळे अॅक्सलचं तोंड फिरलं होतं आणि दोन कोनांचा मेळ सुटला होता. तो हिसका आधी रबराने खाल्ला. रबर मेलं, मग क्रॉस मेंबरने खाल्ला. क्रॉस मेंबर जिथे सगळ्यात दुबळा, म्हणजे भोकाच्या काठाला, तिथून फाटला. जाड पट्टी ठोकली असती तर तडा पट्टीच्या कडेला सरकला असता, किंवा थेट चासीत गेला असता.

आणि तो चासीकडे निघालाच होता. ककांनी तो भाग तारेच्या ब्रशने उघडा केला, रॉकेल लावलं, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि खडू फासला. पांढऱ्या खडूवर रॉकेलची काळपट रेघ हळूहळू उमटली. डोळ्यांना दिसत होता त्याच्या बराच पुढे तडा पोचलेला होता, आणि बोल्टाखाली चासीच्या पाट्यावर एक केसाएवढी दुसरी चीर होती. आज बाजारात यासाठी लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे फवारे मिळतात. ककांचा भरवसा रॉकेलवर होता. ‘‘टोक सापडल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही,’’ असं ते आपल्या हाताखालच्या पोरांना सांगत.

पुढचं काम मी पाहिलं आणि अजूनही त्यातलं काही विसरलो नाही. आधी बॅटरीची तार काढली. गिअरबॉक्सला खालून जॅक दिला आणि क्रॉस मेंबर सोडवून टेबलावर घेतला. तड्याच्या दोन्ही टोकांपुढे बारीक भोकं पाडली, म्हणजे चिरेचं धारदार टोक गोल होऊन तिथेच थांबतं. जुनं वेल्डिंग पूर्ण घासून काढलं. मग तड्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराची खोल खाच पाडली, म्हणजे धातू तळापर्यंत भरेल. वरवर ओढलेली रेघ दिसायला सुबक असते, आत मात्र तडा जिवंतच राहतो. ७०१८ च्या कांड्या त्यांनी छोट्या भट्टीत तापवून ठेवल्या होत्या. पावसाळ्याचे दिवस होते, आणि या कांडीला ओल चालत नाही. ओलीतला हायड्रोजन वेल्डिंगमध्ये शिरतो, आणि जाड किंवा कडक पोलादात तो सांधा गार झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीही, आतून फाटतो. छोटे छोटे टाके, प्रत्येकानंतर मळी झाडायची, ब्रश मारायचा, मग पुढचा. मी गार करायला पाणी आणू का विचारलं तर त्यांनी नुसतं पाहिलं. ‘‘हड़बड़ी झन कर।’’ घाई करू नकोस.

चासीच्या चिरेसाठी त्यांनी प्लेट निवडली ती चासीपेक्षा जाड नव्हती. तिला चौकटच्या पत्त्यासारखा आकार दिला. चौकोनी पट्टीची कड चासीला आडवी जाते आणि सगळा ताण त्या एका रेषेत साठतो. चौकटच्या तिरक्या कडा तो लांबवर वाटून देतात. टोकांना वेल्डिंग नेलं नाही, चासीच्या खालच्या काठावरून आडवी रेघ मारली नाही. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावला, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्यांना डाग पाडतो. डिझेलच्या टाकीवर ओलं पोतं आणि शेजारी वाळूची बादली. माझी चासी जुन्या साध्या पोलादाची, म्हणून हे चाललं. नव्या जड ट्रकांच्या काही चासी उष्णोपचार केलेल्या असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने त्या मऊ पडतात. तशी गाडी आली तर कका ती सरळ परत पाठवत, पैसे बुडाले तरी.

खरी दुरुस्ती त्यानंतर झाली असं मी मानतो. नवं फाउंडेशन, नवे क्रॉस. लांब शॅकल काढून मूळ मापाचे घातले. पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये तिरकी पाचर बसवून अॅक्सलचं तोंड इतकं उचललं की दोन्ही कोन पुन्हा जुळले. जीपची थोडी उंची गेली आणि थरथर गेली.

कका मूळचे दल्ली-राजहराचे. वडील खाणीत ठेकेदारीवर लोहखनिज फोडणारे मजूर. खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून तिथे १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभं केलं, त्या विटा वाहणाऱ्यांत आपणही होतो हे ते अभिमानाने सांगतात. वेल्डिंग त्यांना कारखान्यातल्या एका बंगाली उस्तादाने शिकवलं, आणि त्या उस्तादाला एका सोव्हिएत फोरमनने. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, असं कका सांगतात; हातानेच हाताला शिकवलं.

मजुरी विचारली तेव्हा त्यांनी कांड्या, क्रॉस आणि रबराचे पैसे घेतले. बाकीचे परत केले. ‘‘पानी खोजे बर जाथस न? त पइसा काबर लेवंव?’’ पाणी शोधायला जातोस ना, मग पैसे कशाला घेऊ? मी फार आग्रह केला तेव्हा त्यांनी बहिणीच्या गावाचं नाव सांगितलं. डौंडीच्या पलीकडचं ते गाव, हातपंप उन्हाळ्यात कोरडा पडायचा. मी गेलो, जागा दाखवली, पाणी लागलं. कका खूश झाले, पण त्याने हिशेब पुरा झाला असं मला कधी वाटलं नाही. पाणी दाखवणं माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यांनी मला जे दिलं ते मी कुठल्याही शाळेत विकत घेऊ शकलो नसतो. आजही एखादी विहीर आटली की मी आधी तिचं टोक शोधतो: कुठून आटायला लागली, केव्हा, शेजारी काय बदललं. नवी बोअर मारा असं लगेच सांगणं सोपं असतं, आणि गावालाही तेच ऐकायचं असतं.

आता मोतीबिंदूनंतर ककांनी वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरणं सोडलं आहे. शेड त्यांची पोरं चालवतात, आणि ती पोरंही टोक शोधल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत.

उंच केलेली गाडी चालवणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. गाडी उंच करण्याआधी परिवहन कार्यालयात परवानगीची चौकशी करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या अशा बदलांबद्दलच आहे. नंतर शाफ्टचे कोन मोजून घ्या. पावसाळा संपला की टॉर्च घेऊन गाडीखाली जा, गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर आणि त्याच्या बोल्टांची भोकं पुसून पाहा. चीर दिसली तर वरून पट्टी ठोकून घेऊ नका, आणि ती का पडली हे विचारणारा वेल्डर शोधा. तो मजुरी नको म्हणाला तरी ती त्याच्या हातावर ठेवूनच या.