डाव्या हाताचं काय करायचं?

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात सुरांना कधी लागत नाही. उजवा पट्ट्यांवर फिरतो, मैफलीत सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर असतात, टाळ्याही त्यालाच मिळतात. डावा मागच्या बाजूला भाता हलवत बसतो. पण सूर फुगवायचा किती, गायकाचा श्वास संपत आला की तो उतरवायचा कसा, हे सगळं त्या डाव्या मनगटातच असतं. कोण किती पाण्यात आहे ते ओळखायला मी तरी भात्याकडेच बघतो. घरात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येतो तेव्हा हा हात एकाएकी बेकार होतो. हवा भरण्याचं कामच उरत नाही, सूर विजेवर निघतो. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला अचानक पेन्शनीत काढावं तसा तो मांडीवर पडून राहतो, आणि पुढे त्याचं काय करायचं, हे कुणी ठरवलेलं नसतं.

आमच्या जबलपूरच्या घरात हा प्रश्न जरा जास्तच गंभीर होता, कारण बाबांचा डावा हात. बाबा रेल्वेत होते. या गावातल्या बऱ्याच मराठी घरांची मुळं रेल्वेत, कोर्टकचेरीत, शाळांत, नाहीतर १९०४ साली निघालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत सापडतात. नागपूर आणि जबलपूर १९५६पर्यंत एकाच प्रांतात होती; मग राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे १८७०. मुंबईकडून आलेला जी. आय. पी.चा रूळ आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा रूळ याच गावात एकमेकांना मिळाले. मला उगाच वाटतं, की आमच्या घरचं संगीतही त्याच जोडावर जमलं असावं. पश्चिमेकडून नाट्यपदं आली, पूर्वेकडून पेटी. कारण पायाने भाता मारायचं विलायती हार्मोनियम जमिनीवर मांडी घालून वाजवता यावं म्हणून हातपेटी केली ती कलकत्त्यात, द्वारकानाथ घोषांनी. म्हणजे डाव्या हाताला नोकरी लागली तीही तिकडेच.

पुढे त्या नोकरीवर गंडांतरही आलं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या स्टुडिओत बंदी केली आणि ती तीसेक वर्षं टिकली. आक्षेप असा, की हे ठरीव पट्ट्यांचं वाद्य. त्यात मींड नाही, श्रुती नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पण ज्या मराठी घरांत ‘मानापमान’ला चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांची पेटी म्हणजे काय चीज होती याच्या गोष्टी जेवताना चालत, तिथे त्या बंदीला कुणी भीक घातली नाही. रेडिओ आपल्या जागी, पेटी आपल्या जागी. गोलबाजारातल्या दत्तमंदिरात भजनाला बसलं की बाबांचा भाता असा काही चालायचा, की झांजा वाजवणारे त्याच्याकडे बघून लय धरत.

कीबोर्ड आला तो माझ्या लेकीसाठी. कॅसिओने आपलं पहिलं कॅसिओटोन १९८० साली काढलं, एकोणपन्नास पट्ट्यांचं. आणि त्यानंतर आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड हा कॅसिओच झाला. फव्वाऱ्याजवळच्या दुकानात पोऱ्याने मला गंभीरपणे विचारलं, “यामाहा का कैसिओ दिखाएँ क्या, बड्डे?” आम्ही यामाहाचा कॅसिओ घेतला. एकसष्ट पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं आणि वर एक षड्ज. बाबांच्या पेटीचं सारं राज्य साडेतीन सप्तकांचं.

तो मांडायचा कुठे यावर दोन दिवस घर ढवळून निघालं. कैचीसारख्या उघडणाऱ्या स्टँडवर ठेवला तर उंची अशी हवी, की खुर्चीवर बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत यावं आणि मनगट लोंबकळू नये. लेकीला ते जमलं. बाबांना खुर्चीवर बसून सूर लावणं हा प्रकारच मंजूर नव्हता, म्हणून त्यांच्या पाळीला तीन फुटांचं ते धूड चौरंगावर उतरायचं आणि दोन्ही बाजूंनी बाहेर डोकवायचं. खिडकीखाली ठेवू नका, असं मी बजावलं. जबलपूरच्या मे महिन्यातली धूळ कीबोर्डला उन्हाहून वाईट. प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचा ठिपका. तो खालच्या पाटीला टेकला की सूर निघतो. मध्ये धूळ बसली की ती पट्टी मुकी होते. जोर ओळखणाऱ्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली असे दोन ठिपके असतात, एक जरा आधी टेकणारा आणि एक नंतर. दोन्हींच्या मधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी लागला तर बोट वेगाने आलं, म्हणून सूर मोठा. जोर म्हणून जे ऐकू येतं तो खरं तर वेग असतो, हे कळल्यापासून मला त्या प्लॅस्टिकबद्दल थोडा आदर वाटू लागला. त्यावर आईने जुन्या सुती साडीचा तुकडा पांघरला तो अजून तसाच आहे.

अडॅप्टर मात्र डोळे उघडे ठेवून लावावा. जुन्या कॅसिओच्या पिनेत आतलं टोक ऋण असे, यामाहाच्या पिनेत आतलं टोक धन. पिना दिसायला सारख्या, त्यामुळे शेजारून मागून आणलेला अडॅप्टर बिनदिक्कत खुपसू नये. आणि मोठे सेल घरात असू द्यावेत. मध्य प्रदेशात २००३ची निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’वर लढली गेली, त्या काळातली माणसं विजेवर चालणाऱ्या कुठल्याच वस्तूवर पुरता विश्वास टाकत नाहीत.

हेडफोनचं सुख मात्र पेटीला कधी मिळालं नाही. रात्री अकराला लेक कानाला हेडफोन लावून वाजवते तेव्हा तिच्या कानात सनया आणि व्हायोलिनांचा ताफा असतो. बाहेर आम्हाला ऐकू येतं ते नुसतं प्लॅस्टिकचं ठक, ठकठक, ठक. त्या ठकठकीवरून तिची लय कुठे धावते ते बाबा अंथरुणातून ओळखतात.

आता डावा हात. कंपनीने त्याच्यासाठी एक काम काढून ठेवलेलं असतं. डावीकडच्या पट्ट्यांवर एक बोट ठेवलं की आतून अख्खा बँड सुरू होतो, ढोलकं, गिटार, बास सगळं. गणपतीत लेकीने आरतीला ही सोय वापरली आणि बाप्पांसमोर बोसानोव्हा वाजला. मंडळी टाळ्या कुठे द्यायच्या या विचारात असतानाच आरती संपली. भावगीताला, सिनेमातल्या गाण्याला हे चालतं, छान चालतं. यमन घेतला, की डाव्या हाताने दाबलेला कॉर्ड उजव्याच्या वाटेत येतो. त्यातही मेख गंधाराची. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातून उमटणारा गंधार ३०० कंपनांचा. कीबोर्डचं सप्तक बारा सारख्या पायऱ्यांत कापलेलं, म्हणून त्याचा गंधार ३०२.४ निघतो. पंचम ३६०ऐवजी ३५९.६, तो कुणाला कळणारही नाही. गंधार कळतो. तंबोरा लावून बसलात तर तो थरथरत राहतो आणि ती थरथर लागलेल्या सुराची नसते. पेटीचंही हेच दुखणं, हे बाबा मान्य करतात, फक्त दुसऱ्या कुणी बोलून दाखवलेलं त्यांना खपत नाही.

ट्रान्सपोज नावाच्या बटणाने तर आमच्याकडे एक संध्याकाळ वाया घालवली. आई काळी चारमध्ये गाते. लेक पांढरी एकवरून वाजवायला शिकलेली, म्हणून तिने बटणाने सगळं चार पायऱ्या खाली उतरवलं. बोट पांढरी एकवर, आवाज काळी चारचा. ती उठली, बाबा बसले. आयुष्यभर ज्या पट्टीवरून आईची साथ केली त्या काळी चारवर त्यांनी बोट ठेवलं आणि निघाली पांढरी तीन. कान चुकत नव्हते आणि डोळेही चुकत नव्हते. दोघांचं पटेना म्हणून ते चष्मा काढून पट्ट्या मोजू लागले. आई म्हणाली, “अहो, माझा सा कुठे ठेवलात?” बाबांचं मत त्या दिवसापासून पक्कं आहे: गळ्याप्रमाणे हात फिरायला हवा, यंत्र फिरवून हात जागेवर ठेवणं ही आळसाची साधना. मी बाबांच्या बाजूने आहे, पण घरात उघडपणे बोलत नाही.

डाव्या हाताचं खरं काम मला उशिरा दिसलं. कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चाक असतं; लहान मॉडेलात नसतं, म्हणून घेतानाच बघून घ्यावं. ते पुढे ढकललं की सूर चढतो, बहुधा दोन पायऱ्या. सोडलं की आपोआप मूळ जागी येतो. रिषभाची पट्टी दाबायची आणि चाक आधीच पूर्ण पुढे धरून ठेवायचं. ऐकू येतो गंधार. मग चाक हळूहळू सोडायचं, आणि तो गंधार मधल्या सगळ्या जागा घेत रिषभावर उतरतो. रेडिओने १९४० साली जी नाही म्हणून पेटीला दार लावलं ती मींड ही अशी, अंगठ्याच्या टोकाशी. अर्थात आपल्या लोकांना हे फार आधी उमगलं होतं. १९५४च्या ‘नागिन’मधली ती बीन खरी बीन नव्हतीच, कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली, एका वेळी एकच सूर काढणाऱ्या. सारा देश त्यावर डोलला. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंगांनी रोलंडची यंत्रं जुळवून दहा रागांची तबकडी काढली. त्यातलं एक यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शके, म्हणूनच त्यांना राग त्यावर घालावासा वाटला असणार. तबकडी तेव्हा कुणी फारशी विकत घेतली नाही. वीसेक वर्षांनी विलायतेतल्या नाचगाण्याच्या शौकिनांना ती सापडली आणि ते चकित झाले, की हा ठेका आपल्याआधी या माणसाकडे कसा!

मी बाबांना चाक दाखवलं. त्यांनी यमन धरला आणि डावा हात चाकावर ठेवला. हात चाळीस-पन्नास वर्षांच्या सवयीचा. तो ठेक्यात चाक मारू लागला, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि यमन बोटीत बसल्यासारखा डचमळायला लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. लेक हसू दाबत म्हणाली, “आजोबा, तो भाता नाहीये.”

“ते दिसतंय मला,” बाबा म्हणाले. “सोडायचं कधी, ते सांग.”

“रे ऐकू येईपर्यंत.”

“तो तर मला केव्हाचा ऐकू येतोय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी रिषभावरून पुन्हा सुरुवात केली.