उपवास... मोबाइलचा!

‘पण त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं का?’ डॉक्टर विचारत होते.

जानेवारी २०२०. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलचा कॉरिडॉर. पप्पांच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघाले होते. मी ठामपणे म्हणालो, ‘नाही हो, कधीच नाही.’ शेजारी उभी असलेली मम्मी शांतपणे म्हणाली, ‘सांगितलं होतं. ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी, जेवताना. जिना चढताना छातीत भरून येतं म्हणाले. तू हं म्हणालास.’

मला तो रविवार आठवला. मटण आठवलं. ताटाशेजारी मोबाइल टेकवून बघत असलेला मांजराचा व्हिडिओसुद्धा आठवला. पप्पांचं वाक्य मात्र आठवेना.

अँजिओप्लास्टी झाली, पप्पा घरी आले. पण ते ‘हं’ काही डोक्यातून जाईना.

तुम्ही म्हणाल, मोबाइल कोण बघत नाही? बरोबर आहे. मीही तेच म्हणायचो. डोंबिवलीला राहायचं, ऐरोलीला नोकरी. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकायला मिळालं की एक हात वर आणि दुसऱ्या हातात मोबाइल. तेव्हा आमची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. आत रेंज गेली की तेवढ्यातसुद्धा जीव कासावीस! रात्री अकराला ‘एकच एपिसोड’ म्हणून बसायचं आणि घड्याळात बघावं तर अडीच. बरं, इतकं बघून मजा यायची म्हणावं, तर तेही नाही. नुसतं बघत राहायचं.

यात आपलाच सगळा दोष, असंही नाही हं. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरनं ‘इन्फिनिट स्क्रोल’ची युक्ती काढली. पूर्वी पान संपायचं, पुढच्या पानासाठी क्लिक करावं लागायचं आणि तेवढ्यात ‘पुरे आता’ असं म्हणायची सोय होती. ती सोयच गेली. पुढे खुद्द रास्किनलाही त्याची खंत वाटली. पण आपल्या अंगठ्याला ते कोण सांगणार?

हॉस्पिटलमधून आल्यावर मी जोशात सगळी अॅप्स उडवली. चार दिवस सॉलिड गेले. पाचव्या रात्री झोप येईना, म्हणून एक परत टाकलं. आठवड्याभरात सगळी परत आली आणि सोबत दोन नवीनही घेऊन आली.

त्यानंतर आला राखेचा बुधवार. २६ फेब्रुवारी २०२०. आमचा उपवासकाळ या दिवशी सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो. मधले रविवार वगळले की दिवस भरतात बरोबर चाळीस. येशूनं वाळवंटात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाची ती आठवण. कोणी मटण-मासे सोडतं, कोणी दारू, कोणी सिगारेट. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मी पप्पांसोबत गेलो. कपाळावर राखेचा क्रूस लावून घेतला. गंमत म्हणजे त्याच दिवशी रोममध्ये पोप फ्रान्सिस लोकांना सांगत होते की, उपवासकाळात टीव्ही बंद करा आणि बायबल उघडा, मोबाइलपासून सुटा आणि शुभवर्तमानाशी जोडून घ्या. त्याच्या कितीतरी आधी, २००९ मध्ये, इटलीतल्या मोडेनाच्या आर्चबिशपनी उपवासकाळातल्या शुक्रवारी एसएमएस सोडायला सांगितलं होतं. म्हणजे आपण काही पहिले नव्हे!

पापनिवेदनाला गेलो. मनात म्हटलं, हे काय पाप म्हणून सांगायचं? तरी ‘हं’ची गोष्ट सांगितली. अॅप्स उडवल्याचं आणि परत आल्याचंही सांगितलं. फादर ओरडले नाहीत. म्हणाले, ‘घर झाडून रिकामं ठेवलंस. आत कोणाला आणलंस?’

मत्तयाच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, येशूची एक गोष्ट आहे. माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा भटकतो, विसावा न मिळाल्यानं परत येतो. घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं दिसतं. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात जण घेऊन येतो. लहानपणी ही गोष्ट भुताची वाटायची. त्या दिवशी ती माझ्या मोबाइलची निघाली.

मग ठरवलं, रिकामं ठेवायचं नाही. लोकलमध्ये खिशात छोटं छापील शुभवर्तमान. (मोबाइलवर वाचायचं नाही, ती पळवाट!) रात्री दहाला मोबाइल स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये. आणि झोपण्याआधी पाच मिनिटं दिवसाची उजळणी, प्रार्थनेसारखी.

ही उजळणी संत इग्नेशियसची. हा स्पेनमधला दरबारी योद्धा. १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि अनेक महिने अंथरुणात. वेळ घालवायला त्याला शूरवीरांच्या चटकदार कादंबऱ्या हव्या होत्या. म्हणजे त्या काळातल्या वेब सीरिजच! घरात मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. त्याच्या लक्षात आलं की, शौर्याची आणि प्रेमाची स्वप्नं रंगवताना धमाल येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांच्या विचारात रमलं तर नंतरही मन प्रसन्न राहतं. बस, तीच कसोटी मी उचलली. बघताना काय वाटलं, हे विचारायचं नाही. बघून झाल्यावर काय उरलं, ते विचारायचं.

वाटलं तितकं सोपं नव्हतं. दोनदा रात्री एकला ड्रॉवर उघडला. अगदी चोरासारखा! सकाळी लाज वाटली. पण रोज रात्री देवासमोर हिशेब द्यायचा असला की दुसऱ्या दिवशी परत सुरुवात करता येते, हे तेव्हा कळलं. नुसता स्वतःला शब्द दिला होता तेव्हा एकदा मोडल्यावर सगळंच सोडून दिलं होतं.

आणि मग मार्चमध्ये लॉकडाऊन! लोकल थांबल्या, चर्च बंद झाली. मिस्साच मोबाइलवर आली. हसावं की रडावं? ज्याचा उपवास धरला, त्याच्याचसमोर गुडघे टेकायचे! २७ मार्चच्या रात्री पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात एकटे उभे असलेले पोप मी त्याच स्क्रीनवर पाहिले आणि डोळे भरून आले. म्हणजे दोष काचेचा नव्हता. त्या काचेतून मी कोणाकडे बघतो आणि कोणाकडे पाठ फिरवतो, हा प्रश्न होता.

पप्पा-मम्मी ठाण्यात, मी डोंबिवलीत. एरवी वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर, तेव्हा परदेशासारखं वाटायचं. रोज संध्याकाळी सातला मी फोन लावायचो. व्हिडिओ कॉल नाही, साधा फोन. स्पीकरवर तिघं जपमाळ म्हणायचो. मग पप्पा बोलायचे. औषधं, बीपी, खिडकीतून दिसणारा सुनसान रस्ता. मी डोळे मिटून ऐकायचो. श्वास लागतोय का, तेही ऐकायचो.

एका संध्याकाळी धीर करून म्हटलं, ‘पप्पा, त्या रविवारी तुम्ही सांगितलं, मी ऐकलंच नाही. सॉरी.’ थोडा वेळ शांतता. मग पप्पा म्हणाले, ‘मला कळलं होतं रे. म्हणूनच दुसऱ्यांदा सांगितलं नाही.’

बॉस, अख्ख्या उपवासकाळात इतकं काहीच लागलं नव्हतं.

आज मी पूर्ण सुटलोय, असं सांगणार नाही. आणि प्रार्थना केली की डॉक्टर नको, असंही नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून या व्यसनासाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक आहे. झोप, नोकरी, नाती हातातून निसटत असतील तर जरूर मदत घ्या. पप्पांच्या छातीला अँजिओप्लास्टी लागली, नुसती जपमाळ नाही.

माझा ड्रॉवर अजून आहे. दर उपवासकाळात नियम पुन्हा कडक होतात. आणि रविवारी ठाण्याला गेलो की मोबाइल चपलांच्या स्टँडवर, चपलांसोबत. परवा जेवताना पप्पांनी त्यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट परत सांगितली, बहुतेक दहाव्यांदा. मला पाठ झालीय.

तरी मी ‘हं’ म्हटलं नाही. विचारलं, ‘मग पुढे काय झालं?’