दोन हॉलांच्या मधलं ऊन

नोएडात मराठी पुस्तक मला अजून कुठल्या दुकानात सापडलेलं नाही. सेक्टर १८ च्या बाजारात इंग्रजी मिळतं, हिंदी मिळतं, शाळेची पुस्तकं तर दारापाशी मिळतात. मराठीसाठी माहेरची पुण्याची फेरी, आणि वर्षातून एकदा प्रगती मैदानावरचा विश्व पुस्तक मेळा.

ब्लू लाइन मेट्रो आमच्याकडून सरळ तिथे जाते. यमुना बँक सोडलं की नदी लागते, मग इंद्रप्रस्थ, मग सुप्रीम कोर्ट. या स्टेशनाचं आधीचं नाव प्रगती मैदान, आणि मेळ्याला जाणारे अजून तेच म्हणतात. मेळ्याच्या दिवसांत डब्यातली कोण माणसं तिथे उतरणार हे ओळखू येतं: खांद्याला रिकाम्या कापडी पिशव्या, सोबत मुलं, हातात यादी. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत त्याच पिशव्या पायांमध्ये उभ्या असतात आणि लोक उभ्या उभ्या पहिलं पान उघडून वाचायला लागलेले असतात.

हा मेळा पहिल्यांदा भरला तो १८ मार्च १९७२ रोजी, विंडसर प्लेसला. युनेस्कोने ते वर्ष आंतरराष्ट्रीय ग्रंथवर्ष म्हणून पाळलं होतं. उद्घाटन राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी केलं, आणि सहभागी होते दोनशेच्या आसपास. नॅशनल बुक ट्रस्ट तो दर दोन वर्षांनी भरवत असे. २०१३ पासून तो दरवर्षी होऊ लागला. कोरोनाने मध्ये खंड पाडला, २०२३ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा मैदानावर आला.

मैदान मात्र बदललं. राज रेवल यांनी रचलेला हॉल ऑफ नेशन्सही १९७२ चाच; २०१७ च्या एप्रिलमध्ये तो पाडला गेला. त्यानंतरच्या नव्या बांधकामाच्या काळातले मेळे मला आठवतात ते धुळीसकट, पत्र्याच्या कुंपणांमधून वाट काढत. आताचे हॉल भव्य आहेत, उजेड चांगला, चालायला ऐसपैस. पण माझा जीव रमतो तो हॉलच्या बाहेर. दिल्लीची थंडी ओसरत असते, दुपारी अंगाला सुखावणारं ऊन पडतं, आणि दोन हॉलांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पायऱ्यांवर, कठड्यांवर माणसं बसलेली असतात. खरेदी बाहेर काढून पुन्हा पाहतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हिशेब मांडतात, उरलेल्या पैशांत अजून एक कादंबरी बसते का ते बघतात. अनोळखी माणूस शेजाऱ्याला विचारतो, हे कुठल्या स्टॉलवर मिळालं? या शहरात माणसं एकमेकांशी इतक्या सहज बोलताना मी फार ठिकाणी पाहिलेली नाहीत.

हिंदीच्या हॉलमध्ये गर्दी सगळ्यात दाट. तिथे आपली माणसं भेटतात, हिंदीतून. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’, खांडेकरांचं ‘ययाति’, दया पवारांचं ‘बलुतं’ तिथे ‘अछूत’ या नावाने. एकदा गोरखपूरचा एक विद्यार्थी ‘मृत्युंजय’ हातात घेऊन उभा होता. मी मराठी आहे हे कळल्यावर म्हणाला, “मेरे पिताजी ने तीन बार पढ़ी है, अब मेरी बारी।” फार भरून आलं. आपल्या भाषेतलं पुस्तक कुणाच्या घरात बापाकडून मुलाकडे जातं आहे, आणि आपल्याला त्याची खबरही नाही!

माझी स्वतःची मोठी खरेदी मुलांच्या पुस्तकांची असते. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तकं अनेक भाषांत निघतात. चित्रं तीच, मजकूर तेवढा वेगळा, आणि किंमत परवडणारी. मिकी पटेल यांचं रूपा हत्तिणीचं पुस्तक मी मुलीसाठी हिंदीत घेतलं आणि मराठीतही. तिच्या शाळेत मराठी नाही, पण हिंदीमुळे एक ‘ळ’ सोडला तर अक्षरं सगळी ओळखीची. गोष्ट आधीच पाठ असल्याने ती मराठी पान बिनधास्त वाचत सुटली. दिल्ली-नोएडातल्या सगळ्या मराठी आईबापांना मी ही जोडी घ्यायला सांगते. शिकवणी लावण्याआधी हे करून बघा.

मात्र मोठ्यांसाठीचं मराठी पुस्तक या मेळ्यात शोधावं लागतं. एखाद-दुसरा प्रकाशक, साहित्य अकादमीच्या फळीवरची काही पुस्तकं, की संपलं. २०२५ चा फेब्रुवारी याला अपवाद ठरला. नऊ तारखेला मेळा उठला आणि एकवीस ते तेवीस तारखेला तालकटोरा स्टेडियमवर ९८ वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष तारा भवाळकर. दिल्लीत याआधीचं संमेलन १९५४ चं, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. आवारातल्या ग्रंथप्रदर्शनात ओळीने मराठी पुस्तकं बघून मी दोन्ही हातांनी घेत सुटले. लोकसाहित्य, कोश, दिवाळी अंक, काही सोडवत नव्हतं.

पण संमेलन फिरतं आहे, ते पुढच्या गावी जाणार. मेळा दरवर्षी इथेच असतो. एकट्या प्रकाशकाला नऊ दिवसांचं भाडं, माणसांची राहण्याची सोय आणि पुण्याहून पुस्तकं आणण्याचा खर्च झेपत नाही, हे मी समजू शकते. मग चार-सहा जणांनी मिळून एक सामाईक स्टॉल का घेऊ नये? गिऱ्हाईक आहे. गेल्या वेळी अकादमीच्या फळीपाशी ग्वाल्हेरचे एक आजोबा भेटले. आता मुलाकडे गाझियाबादला राहतात, घरात चार पिढ्या मराठी बोलतात. खिशातून त्यांनी कागद काढला. नीटस अक्षरात पुस्तकांची नावं, अर्धीअधिक संतसाहित्यातली, तळाशी नातवासाठी विज्ञानाची. त्यातलं तिथे एकच मिळालं. बाहेर उन्हात बसून आम्ही ती यादी माझ्या वहीत उतरवून घेतली. पुण्यातल्या ओळखीच्या प्रकाशकांना सामाईक स्टॉलबद्दल मी सध्या पत्रं लिहिते आहे. प्रत्येक पत्रासोबत त्या यादीची एक नक्कल जाते.