पदर उडवणारा वारा आणि गोंदूरची धावपट्टी

मैत्रिणींनो, धुळं म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? पांझरा नदी, लळिंगचा किल्ला, नाहीतर कळण्याची भाकरी आणि झणझणीत शेवभाजी! मलाही तेवढंच ठाऊक होतं. पण गेलं वर्षभर आमच्या घरी धुळं म्हणजे गोंदूरची धावपट्टी. धाकटी लेक तिथे विमान चालवायला शिकते आहे.

जुलैत तिला भेटायला गेले. चाळीसगावला उतरून फाट्याच्या गाडीने धुळं गाठलं. गोंदूरचा माळ अगदी उघडा. वारा असा की पदर खांद्यावर ठरेना! याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत, त्या काही उगीच नाहीत.

कुंपणाशी उभी राहून मी बघत होते. दोन माणसांचं एक चिमुकलं विमान वाऱ्याला तोंड देऊन इतकं सावकाश उतरत होतं, की वाटलं, आता पडतंय! तेच थोड्या वेळापूर्वी उलट्या दिशेने भुर्रकन गेलं होतं.

"अगं, हे असं कधी हळू, कधी जोरात का?"

लेक हसली. "आई, रेल्वेतला चहावाला आठव. डब्यात तो त्याच चालीने पुढे जातो नि मागे येतो. पण बाहेरच्या खांबावरून बघणाऱ्याला पुढे जाताना तो गाडीपेक्षा जोरात दिसेल, मागे येताना हळू. वारा म्हणजे आमची गाडी!"

तिने मग हिशेबच मांडला. विमानाचा हवेतला वेग ताशी 160 किलोमीटर आणि वारा 40 चा. वारा समोरून आला, तर जमिनीवर 120 चाच वेग पडतो. पाठीशी असला तर 200 चा. आता 120 किलोमीटरवरचं गाव घ्या. जायला एक तास, यायला 36 मिनिटं. म्हणजे 96 मिनिटं. वारा नसता तर 90 च लागली असती! तुम्ही म्हणाल, जाताना गेलं ते येताना मिळालं. तसं होत नाही हो. म्हणून इंधन नेहमी जास्तीचं घ्यायचं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण भात मूठभर जास्त लावतो, तसंच.

पण पंखांना जमिनीशी देणंघेणं नसतं. त्यांना पेलते ती अंगावरून जाणारी हवा. या छोट्या विमानात हवेतला वेग ताशी 80-90 किलोमीटरच्या खाली गेला, की पंख उचलून धरत नाहीत.

इथे लेक जरा थांबली. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात मी फसले होते. उतरण्यासाठी वळत होते, वारा पाठीशी होता. खालची शेतं भराभर पळताना दिसली. वाटलं, आपण फार वेगात आहोत. म्हणून नाक वर घेतलं. खरा वेग उतरत चालला होता. शेजारी सर होते, त्यांनी लगेच सांभाळलं. म्हणाले, शेतं बघू नका, काटा बघा."

माझ्या पोटात गोळा आला. 'चल घरी' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिचा चेहरा पाहिला. भीती लपवणाऱ्या मुलीचा तो चेहरा नव्हता. आपली चूक नीट समजली आहे, असा होता. शब्द गिळले.

मग तिने विमान जवळून दाखवलं. डाव्या पंखाखाली बोटाएवढी नळी. समोरून येणारी हवा तीत शिरते आणि तिच्या दाबावरून काटा हवेतला वेग सांगतो. आंरी पितो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने 1732 मध्ये पॅरिसच्या सेन नदीचा वेग मोजायला अशी नळी वापरली होती! विमान उभं असताना नळीवर लाल फडक्याची टोपी घालतात. आत किड्याने घर केलं, तर काटा खोटं बोलायचा. उड्डाणाआधी मात्र ती टोपी आठवणीने काढायची.

घरी सासूबाईंनी विचारलं, "पोरगी बरी आहे ना?" म्हटलं, "बरी आहे, आणि शहाणीही झाली आहे."

आता रोज सकाळी फोनवर 'जेवलीस का?' नंतर येतं. आधी विचारते, "टोपी काढलीस का गं?"