रेघ आधी, चित्र मागून

पातूरहून अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय तीस-पस्तीस किलोमीटर. दम लागलेल्या माणसाला 'इको'साठी तिकडे धाडताना एक समज पक्का असतो: हृदयाची हालचाल मोजायची तर मोठे मशीनच हवे. मला तो पटत नाही. आपण पडद्यावरच्या चित्राला भुलतो. हृदयाच्या सोनोग्राफीची सुरुवात मात्र हालचालीपासूनच झाली. 1953 साली स्वीडनमधल्या लुंड गावी एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधायचे यंत्र छातीला लावले, तेव्हा त्यांना हृदयाचा आकार दिसला नाही. मिळाली ती मागेपुढे सरकणारी रेघ. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे 1540 मीटर जातो. प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते आणि ते अंतर क्षणोक्षणी बदलले की हालचाल कळते.

हीच सोय आज साध्या मशीनवरही 'एम-मोड' नावाने असते. जेल लावून प्रोब डाव्या छातीवर, ठोका हाताला लागतो तिथे धरायचा, चारही कप्पे दिसले की रेघ मिट्रल झडपेच्या कडेवरून न्यायची. पडद्यावर लाटा उमटतात. एका लाटेची तळापासून माथ्यापर्यंतची उंची मोजायची. प्रौढ माणसात ती 10 मिलिमीटर किंवा जास्त भरली तर डाव्या कप्प्याचे आकुंचन बहुधा ठीक असते. 8 च्या खाली गेली तर हृदय कमजोर असल्याची शंका घ्यावी.

एका बिंदूवरून सगळ्या हृदयाचा अंदाज कसा बांधायचा, हा आक्षेप रास्त आहे. झटक्याने दुखावलेला स्नायूचा तुकडा रेघेच्या वाटेत नसेल तर आकडा फसवा निघू शकतो. शिवाय किरणाच्या दिशेतलीच हालचाल मोजली जाते. किरण 60 अंशांनी तिरका पडला तर खऱ्या हालचालीच्या निम्मीच दिसते. चित्रातले बारीक ठिपके एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे सरकले हे शोधणारे 'स्पेकल ट्रॅकिंग' यात कितीतरी सरस, म्हणून अकोल्याचा इको टळत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याने सोनोग्राफी केंद्राला नोंदणी सक्तीची केली आहे, आणि ती सक्ती तशीच कडक राहायला हवी. पण रीतसर नोंदणी असलेल्या ठिकाणी, तपासायचा अधिकार असलेल्या डॉक्टरांनी हृदय पाहायला तो कायदा आडवा येत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांना माझे एवढेच सांगणे आहे: रुग्णाला अकोल्याला पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर हा मिलिमीटरचा आकडा लिहा. आधी कोणाला घ्यायचे हे तिथल्यांना त्यावरून ठरवता येईल.